वीस तेत्रीची लिफ्ट

आमच्या इमारतीत वर जायचे पैसे पडतात.
वीस तेत्री. पत्र्याच्या डबीत नाणं टाकायचं,
आत काहीतरी खडखडतं, मग लिफ्ट
म्हाताऱ्या गाढवासारखी विचार करून हलते.
खाली उतरणं फुकट.
ग्लदानीतल्या बायका म्हणतात, जगाचीच रीत आहे ही.

मी आठव्या मजल्यावर, एकटी.
अक्रोडाच्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत नाणी साठवते.
बरणी किती उतरली त्यावरून कळतं
या महिन्यात किती वेळा बाहेर पडले.
मार्चमध्ये दोनदा.
एकदा दवाखाना, एकदा नुसतीच.

उजवा पाय आधी दुखायचा.
दुखायचा तेव्हा निदान होता.
आता कमरेतून निघालेली कळ गुडघ्यापाशी थांबते
आणि त्याखाली,
कसं सांगू,
तिथे कुणी फोन उचलत नाही.

एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात टाचा ठोकल्या,
दिवसाला दोनशे चाळीस.
माझ्या टाचांवरून लोक कुठे कुठे गेले असतील:
लग्नांना, लष्करात, बटुमीच्या रात्रीच्या गाडीला.
माझ्या स्वतःच्या बुटाची उजवी टाच
एके दिवशी बाहेरच्या अंगानं झिजलेली दिसली.
हातात घेऊन बघितली आणि समजले.
डॉक्टरच्या फिल्मवर ते उमटायला
आणखी चार महिने लागले.

व्यायाम शिकवायला थेआ येते, तिशीतली, नखं खाते.
चढताना धड पाय आधी, म्हणते, उतरताना दुखरा.
विसरलात तर म्हणा:
चांगला स्वर्गाकडे आधी, वाईट नरकाकडे आधी.
मी म्हटलं, पोरी, जिन्यावर एवढा धर्म मला झेपायचा नाही.
ती हसली नाही.
खाली वाकून तिनं काठी एका भोकानं कमी केली.

जेवण झालं की वाख्तांग म्हणायचा,
जरा पाय मोकळे करून येतो.
मी चिडायचे. भांडी कोण आवरणार?
आता वाटतं, केवढी चैनीची गोष्ट
हा माणूस दातात काडी घालून बोलून जायचा.

काल वीज गेली.
मी खाली, काखेत दोन गरम शोती,
आणि लिफ्टचा दिवा मेलेला.
चढले. धड, दुखरा, काठी. धड, दुखरा, काठी.
दुसऱ्या मजल्यावर पाय म्हणाला, बास.
बसले पायरीवर, पाव मांडीवर घेऊन.

तिथे मझिया राहते.
लिफ्टच्या दुरुस्तीला हिनं एक लारी दिली नव्हती,
मला काय करायचीय लिफ्ट, म्हणाली होती.
त्यावर मी जे बोलले ते मला आठवतं. तिलाही असणार.
अकरा वर्षं झाली.

दार उघडलं. तिनं बघितलं. दार लोटलं.
मी भिंतीचे पोपडे मोजायला लागले.
मग ती दोन स्टुलं घेऊन आली,
एक माझ्यासाठी, एक माझ्या पायासाठी,
आणि स्वतः पायरीवर बसली.
न विचारता पावाचं टोक मोडलं.
हल्ली मीठ जास्त घालतात, म्हणाली.
घालतात, मी म्हटलं.

एक अख्खा पाव संपला आमचा. बाकी काही बोलणं झालं नाही.
सातच्या सुमारास वर कुठेतरी घरघरलं.
खिशात चाचपलं तर माझ्याकडे नाणं नव्हतं.
मझियानं एप्रनमधून काढून डबीत टाकलं.
परत कर, म्हणाली. दार बंद.

रात्री कळ आली ती आलीच,
उशी गुडघ्यांमध्ये, मग उशीशिवाय, मग खुर्चीत.
पहाटे दूधवाल्याच्या बाटल्या ऐकल्या.

आता बरणीतलं एक नाणं
टेबलावर वेगळं काढून ठेवलंय.
लिफ्ट पुन्हा बंद आहे.
सहा मजले आहेत.
खाली उतरणं फुकट.
दुखरा आधी.
बघू काय म्हणतो.